होलोकॉस्ट आणि ज्यूद्वेषाचा इतिहास शाळेत शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवताना हा विषय दरवर्षी माझ्यासमोर येतो. दरवर्षी सहकारी शिक्षक, पालक आणि मुले जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन वाक्यांत संपणारे नाहीत.

होलोकॉस्ट म्हणजे नेमके काय?

नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची सरकारी यंत्रणा राबवून पद्धतशीर हत्या केली, तिला होलोकॉस्ट म्हणतात. छळाला १९३३ साली सुरुवात झाली आणि सामूहिक हत्या १९४१ ते १९४५ या काळात झाली. मारल्या गेलेल्यांमध्ये सुमारे १५ लाख मुले होती.

शब्दांबाबत येथेच सावध राहावे. 'होलोकॉस्ट' हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ संपूर्ण जाळून वाहिलेला बळी असा होतो. या हत्येत बळी वाहण्यासारखे पवित्र काही नव्हते, म्हणून अनेक ज्यू लोक 'शोआ' हा हिब्रू शब्द पसंत करतात. त्याचा अर्थ घोर विनाश. आपण ज्याला 'वंशसंहार' म्हणतो, त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञाने १९४४ साली रूढ केला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार स्वीकारला.

'छळछावणी' हा शब्द आपण सरसकट वापरतो, तोही तपासून घ्यावा. मार्च १९३३ मध्ये सुरू झालेली डाखाऊची छावणी आरंभी राजकीय विरोधकांना डांबण्यासाठी होती. ट्रेब्लिंका मात्र केवळ माणसे मारण्यासाठी उभारलेले ठिकाण होते. तेथे सुमारे नऊ लाख ज्यू मारले गेले आणि आलेल्यांपैकी बहुतेकांना उतरल्यावर काही तासांतच ठार केले गेले. तिला मृत्युछावणी म्हणावे. ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथे श्रमछावणी आणि मृत्युछावणी दोन्ही होत्या, तेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांतील सुमारे दहा लाख ज्यू होती.

हा युरोपचा इतिहास आहे. मराठी मुलांना तो कशासाठी शिकवायचा?

केंद्रीय मंडळाच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण अनेक वर्षे शिकवले गेले आहे, हे एक सरळ कारण झाले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे कारण. आपली मुले वर्गात येण्यापूर्वीच हिटलरला ओळखत असतात. कडक शिक्षकाला 'हिटलर' म्हणतात, त्याचे आत्मचरित्र फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्यांनी पाहिलेले असते, मोबाइलवर त्याचे विनोद फिरत असतात. ज्या माणसांना त्याने मारले त्यांच्यापैकी एकाचेही नाव मात्र त्यांना ठाऊक नसते. म्हणजे विषय आपल्याकडे आधीच पोहोचला आहे, तो फक्त मारणाऱ्याच्या बाजूने पोहोचला आहे.

आणि ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत आले आहेत. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे त्यांचीच आहेत. त्यांनी मराठीतून कीर्तने केली, शाळा काढल्या, आणि १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. जर्मनीतल्या ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेऊन दोन वर्षे झाली होती, तेव्हा मुंबईने एका ज्यू डॉक्टरला महापौरपदी बसवले. हे एक वाक्य मी वर्गात आवर्जून सांगतो.

कोणत्या वयाच्या मुलांना काय सांगावे?

अकरा-बारा वर्षांपर्यंत एका मुलाची किंवा एका कुटुंबाची, शक्यतो वाचलेल्या माणसाची गोष्ट पुरे. शाळेतून काढले जाणे, मित्रांनी बोलणे सोडणे, घर सोडावे लागणे या गोष्टी त्या वयात कळतात आणि तेथेच थांबता येते. आठवी-नववीपासून क्रमवार इतिहास घ्यावा. गॅसच्या कोठड्या आणि सामूहिक गोळीबार यांची माहिती या मुलांपासून लपवू नये, परंतु ती वर्णनाच्या रसाने देऊ नये. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवून कळवलेले बरे असते.

सुरुवात हिटलरच्या चरित्रापासून करावी का?

करू नये. त्याच्या बालपणापासून आणि चित्रकलेतील अपयशापासून सुरुवात केली की पुढचे सर्व तास त्याचेच होऊन बसतात, आणि एका माणसाच्या डोक्यातील विकृतीने हे सगळे घडवले असा समज मुले घेऊन जातात.

युद्धापूर्वीच्या ज्यू जीवनापासून सुरुवात करावी. पोलंडमध्ये तेव्हा सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांत शिंपी, हमाल, डॉक्टर, धर्मपंडित, कामगार-पुढारी, फुटबॉलपटू असे सगळे होते. यिडिश भाषेत वर्तमानपत्रे निघत, नाटके होत. १९३३ साली जर्मनीतील ज्यूंची संख्या सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती, आणि त्यांतील बरेच जण स्वतःला आधी जर्मन मानत. पहिल्या महायुद्धात हजारो ज्यू सैनिक जर्मनीसाठी लढले आणि मेले होते. हे जग मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहिल्याशिवाय काय नष्ट झाले हे त्यांना कळणार नाही. तेवढ्यासाठी एक पूर्ण तास दिला तरी तो वाया जात नाही.

ज्यूद्वेष हिटलरने सुरू केला का?

नाही, आणि हे नीट न सांगितल्यास १९३३ नंतरच्या घटना आकाशातून पडल्यासारख्या वाटतात. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात ज्यूंवर येशूच्या मृत्यूचा सामूहिक दोष लादला गेला होता. इंग्लंडमधील नॉर्विच येथे ११४४ साली एका मुलाच्या खुनाचा आळ ज्यूंवर घेण्यात आला, आणि ज्यू लोक विधीसाठी ख्रिस्ती मुलांना मारतात ही भयंकर अफवा पुढे शतकानुशतके युरोपभर फिरली. १२१५ च्या चर्च परिषदेने ज्यूंनी वेगळ्या पोशाखाने ओळखू यावे असा नियम केला. १२९० साली इंग्लंडने आणि १४९२ साली स्पेनने त्यांना हद्दपार केले. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये विहिरींत विष कालवल्याचा आरोप ठेवून अनेक शहरांत ज्यूंना जाळण्यात आले. ज्यू स्वतःही प्लेगने मरत होते, तरी अफवा टिकली. १५१६ साली व्हेनिसने ज्यूंसाठी दरवाजे लावलेली वस्ती ठरवून दिली आणि 'घेट्टो' हा शब्द तेथून जगभर गेला.

एकोणिसाव्या शतकात या द्वेषाने नवे रूप घेतले. पूर्वी धर्मांतराने निदान तत्त्वतः सुटका होती. आता ज्यू हा एक 'वंश' असून तो रक्तानेच दूषित आहे असे मांडले जाऊ लागले. १८७९ साली विल्हेल्म मार या जर्मन लेखकाने या नव्या द्वेषाला शास्त्रीय वाटणारे नाव प्रचारात आणले, त्याचे शब्दशः भाषांतर 'सेमेटिकविरोध' असे होते. मी मराठीत 'ज्यूद्वेष' हाच शब्द वापरतो, कारण 'सेमेटिक' म्हटले की 'अरबही सेमेटिक भाषाच बोलतात ना?' असा प्रश्न येतो आणि चर्चा भलतीकडे जाते. तो शब्द पहिल्यापासून ज्यूंविरुद्धच वापरला गेला. १८९४ साली फ्रान्समध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवण्यात आले आणि तो निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले. १९०३ साली झारच्या रशियात ज्यूंच्या कथित जागतिक कटाचा एक बनावट दस्तऐवज छापला गेला. तो उचलेगिरी करून रचलेला आहे हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ साली मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तरी नाझींनी तो शाळांमध्ये वापरला आणि आजही तो वाचला जातो.

येथे मराठी शिक्षकांसाठी एक विशेष सूचना. 'ज्यू सावकारी करत, म्हणून लोक चिडले' हे वाक्य आपल्या वर्गात फार सहज पटते, कारण मुलांनी १८७५ चे दख्खनचे दंगे वाचलेले असतात आणि सावकार म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे कर्जाच्या वह्या येतात. हे स्पष्टीकरण आपल्या तोंडून जाऊ देऊ नये. बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करण्यास आणि कारागिरांच्या संघांत शिरण्यास मनाई होती, चर्चने ख्रिश्चनांना व्याज घेण्यास बंदी केली होती आणि राजांना कर्ज देणारा व वेळ आली की बळी देता येणारा कोणी तरी हवा होता. त्यामुळे काही ज्यू या व्यवसायाकडे ढकलले गेले. बहुसंख्य ज्यू गरीबच होते. ज्यांना मारले त्यांच्या वागण्यात मारण्याचे कारण शोधणे, हीच ज्यूद्वेषाची सर्वांत जुनी रीत आहे.

'हिटलर क्रूर होता, पण शिस्तीचा आणि देशभक्त होता' असे मुले म्हणतात. काय उत्तर द्यावे?

रागावू नये. हे वाक्य मुलाने घरात किंवा मोबाइलवर ऐकलेले असते. त्याला विचारावे, की ज्या देशावर त्याचे प्रेम होते त्या देशाचे १९४५ साली काय झाले? शहरे जमीनदोस्त झाली, लाखो जर्मन मेले, देशाचे तुकडे झाले. बेकारी कमी झाली ती मोठ्या प्रमाणावर शस्त्रनिर्मिती करून, आणि ज्यूंना नोकऱ्यांवरून हाकलून रिकाम्या झालेल्या जागांनीही हिशेब सजवला गेला.

हिटलर भारताचा मित्र होता, हाही समज दूर करावा लागतो. मे १९४२ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस त्याला भेटले हे खरे आहे. पण भारत दुसऱ्या कोणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला आपल्याला आवडेल, असे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या वंशाच्या उतरंडीत आपली जागा कुठे होती हे कळले की वर्गातला सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. तेवढ्यावर थांबू नये मात्र. तो आपल्याला तुच्छ मानत होता म्हणून वाईट, असे नाही. आपल्याला डोक्यावर घेतले असते तरी साठ लाख खून तेवढेच खून राहिले असते.

एवढे मोठे हत्याकांड घडूच कसे शकले?

पायरीपायरीने, आणि बरेचसे कागदावर. हा भाग मी सर्वांत सावकाश शिकवतो. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा, त्याच महिन्याच्या अखेरीस शाळा-महाविद्यालयांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी नागरिकत्व काढून घेतले आणि ज्यू व 'जर्मन रक्ता'च्या माणसांतले विवाह गुन्हा ठरवले. ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन ज्यू, तो ज्यू, मग त्याची स्वतःची श्रद्धा काहीही असो. १ जानेवारी १९३९ पासून, ज्यांचे नाव ज्यू म्हणून ओळखू येत नाही अशा प्रत्येक ज्यू पुरुषाला नावात 'इस्राएल' आणि स्त्रीला 'सारा' जोडणे सक्तीचे झाले.

९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळण्यात आली, दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छावण्यांत नेले. पाच-सहा दिवसांनी उरलेल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकले. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळा तारा शिवावा लागला. पुढे सायकल, टंकलेखनयंत्र, पाळलेले कुत्रे-मांजर बाळगण्यावरही बंदी आली.

ही फर्माने मी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून तारखेविना वाटतो आणि मुलांना क्रम लावायला सांगतो. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी पट्टी हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, कुत्रा काढून घेण्यासाठी कायदा करायला कोणी तरी ऑफिसात बसून लिहिलं असेल ना? मग टाइप कोणी केलं?" त्या दिवशी उरलेला तास टाइप करणाऱ्यांवर गेला : कारकून, रेल्वेचे वेळापत्रक आखणारे, याद्या तपासणारे पोलीस, लिलावात शेजाऱ्याचे कपाट स्वस्तात घेणारी कुटुंबे.

जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर हल्ला झाल्यावर सामूहिक गोळीबार सुरू झाले. कीव्हजवळच्या बाबी यार घळईत २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना मारण्यात आले. हा आकडा मारणाऱ्या पथकाच्या स्वतःच्या अहवालातला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे भागातील एका बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि संपूर्ण युरोपातील ज्यूंच्या संहारासाठी खात्यांमध्ये समन्वय कसा राखायचा हे ठरवले. त्यांतील निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षणाने माणूस आपोआप सुधारतो असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही माहिती शिक्षकाने स्वतःपासून लपवू नये.

ते पळून का गेले नाहीत? लढले का नाहीत?

जाऊ पाहणाऱ्यांना जागा नव्हती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, सहानुभूती व्यक्त केली आणि जवळपास सर्वांनी दारे बंदच ठेवली. १९३९ साली 'सेंट लुईस' हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला गेले; बहुतेकांना तेथे उतरू दिले नाही, अमेरिकेनेही घेतले नाही आणि जहाज युरोपला परतले. ब्रिटनने सुमारे १०,००० मुले घेतली, पण त्यांच्या आई-वडिलांना बहुधा मागेच राहावे लागले.

प्रतिकारही झाला. वॉर्सा घेट्टोत १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झालेला उठाव मोजक्या पिस्तुलांवर आणि पेट्रोलच्या बाटल्यांवर जवळपास महिनाभर चालला. ट्रेब्लिंका येथे २ ऑगस्ट १९४३ आणि सोबिबोर येथे १४ ऑक्टोबर १९४३ रोजी कैद्यांनी बंड केले.

पण मुलांना मी त्याआधी दुधाचा एक कॅन दाखवतो, साधा, आपल्या दूधवाल्याकडे असतो तसा. वॉर्सा घेट्टोत, जेथे चार लाखांहून अधिक माणसे भिंतीआड कोंबली होती, इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने काही डझन साथीदारांसह एक गुप्त दफ्तर चालवले. त्यात रोजनिश्या होत्या, मुलांचे निबंध होते, रेशनची कार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांचे कागद होते. हे सर्व पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून त्यांनी जमिनीत पुरले. पेट्या १९४६ साली सापडल्या, दोन कॅन १९५० साली. एक भाग अजून सापडलेला नाही. त्या गटातील फक्त तिघे वाचले. आपला इतिहास मारेकऱ्यांनी लिहू नये म्हणून उपाशी माणसांनी चॉकलेटचा कागदसुद्धा जपला, याला प्रतिकार म्हणायचे की नाही हे मुलांनाच ठरवू द्यावे.

वर्गात छायाचित्रे दाखवावीत का? नाट्यीकरण करावे का?

प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रे दाखवू नयेत. मुले एक तर हादरतात किंवा निर्ढावतात, आणि त्या छायाचित्रांतली माणसे पुन्हा एकदा नावाविना उघडी पडतात. त्यांतील बरीच छायाचित्रे मारेकऱ्यांनीच काढलेली आहेत. ऑशविट्झमध्ये ठेवलेल्या, मालकांची नावे पांढऱ्या अक्षरांत लिहिलेल्या सुटकेसांचे एक चित्र पुरे होते : परत घ्यायची आहे, या भरवशानेच माणूस बॅगेवर नाव लिहितो.

नाट्यीकरण तर कटाक्षाने टाळावे. अर्ध्या वर्गाला पिवळे तारे लावणे किंवा मुलांना खोलीत कोंबून 'आता कसे वाटते?' विचारणे यातून काहीच कळत नाही. घंटा वाजली की मुले घरी जातात, आणि ती माणसे घरी जाऊ शकली नाहीत. होलोकॉस्टचे अध्यापन करणाऱ्या जेरुसलेममधील याद वाशेम आणि वॉशिंग्टनमधील स्मृतिसंग्रहालय या दोन्ही संस्था अशा खेळांविरुद्ध बजावतात.

स्वस्तिकाचे काय करायचे?

हा प्रश्न भारतीय वर्गात पहिल्या दहा मिनिटांत येतो. आपल्या उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, दिवाळीच्या रांगोळीत असलेले स्वस्तिक हजारो वर्षांचे मंगलचिन्ह आहे. नाझी पक्षाने १९२० साली लाल पार्श्वभूमीवर, पांढऱ्या वर्तुळात, बहुधा तिरके फिरवलेले काळे चिन्ह स्वीकारले. जर्मन भाषेत त्याला 'आकडेरी क्रूस' या अर्थाचे नाव आहे. 'आर्य' शब्दाचेही तसेच झाले : भाषाकुलाच्या अभ्यासातला शब्द उचलून त्याचा वंश बनवला गेला. एवढे सांगून पुढे हेही सांगावे, की ज्याच्या आजीला त्या झेंड्याखाली मारले त्याला हे चिन्ह पाहून धक्का बसला, तर 'आमचे चिन्ह पवित्र आहे' हे सांगण्यापूर्वी त्याचे ऐकून घेणे हा साधा माणुसकीचा भाग आहे.

फक्त ज्यूच मारले गेले का?

नाही. रोमा आणि सिंती, म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हटले जाई, त्या लोकांपैकी किमान अडीच लाख माणसे मारली गेली. त्यांची भाषा आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या कुळातली आहे, हे मराठी मुलांना ऐकून नवल वाटते. अपंग व मनोरुग्ण माणसांची हत्या १९३९ सालीच सुरू झाली होती, आणि गॅसचा वापर तेथेच आधी झाला. सोव्हिएत युद्धकैदी सुमारे तीस लाख मेले. पोलिश नागरिक, समलिंगी पुरुष, 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक, राजकीय विरोधक यांनाही छळ सोसावा लागला. प्रत्येक गटाचा छळ का आणि कसा झाला ते वेगवेगळे सांगावे. शेवटचे मूल संपेपर्यंत, प्रत्येक देशात शोधून मारण्याचा हुकूम ज्यूंबाबत होता.

जातिव्यवस्था किंवा फाळणीशी तुलना चालेल का?

मुले ती करतातच, म्हणून थोपवण्यापेक्षा नीट करायला शिकवावी. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका लेखात गांधीजींनीही ज्यूंना ख्रिस्ती जगातले अस्पृश्य म्हटले होते. वेगळी वस्ती, विटाळाची भाषा, जन्मावरून ठरलेली जागा, ही साम्ये खरी आहेत आणि ज्या मुलाने स्वतः जातीचा अपमान सोसला आहे त्याला ती पुस्तकापेक्षा आधी दिसतात. त्याचे बोलणे विषयांतर म्हणून तोडणे अन्यायाचे होईल. फरकही खरे आहेत : अस्पृश्यतेला माणूस हलक्या कामासाठी हवा होता, नाझींना ज्यू जगातच नको होता. फाळणीतील हिंसा भयानक होती, पण तिच्यामागे एका सरकारची चार वर्षे चाललेली संहारयोजना नव्हती. कोणाचे दुःख मोठे, ही शर्यत मात्र वर्गात लागू देऊ नये.

त्याच लेखात गांधीजींनी जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला होता. मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना आदरपूर्वक पण कठोर उत्तर लिहिले. दहावीनंतरच्या मुलांना हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायला द्यावेत.

'हे घडलेच नाही' असे इंटरनेटवर वाचलेल्या मुलाला काय सांगावे?

पुरावा कसा पाहायचा ते सांगावे. नाझींनी स्वतः आकडे लिहून ठेवले : ब्रिटिशांनी मध्येच पकडलेल्या, जानेवारी १९४३ च्या एका गुप्त तारेत १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत पोहोचवलेल्या ज्यूंची संख्या १२,७४,१६६ अशी दिली आहे. युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्ग खटल्यातील आरोपींनी जबाबदारी झटकली, हत्या झालीच नाही असा बचाव घेतला नाही. याद वाशेमने मारल्या गेलेल्यांपैकी चाळीस लाखांहून अधिक माणसांची नावे गोळा केली आहेत. अलीकडे छावण्यांची संगणकाने बनवलेली खोटी 'छायाचित्रे' फिरतात. ती सहानुभूतीने बनवलेली असली तरी वापरू नयेत, कारण एक खोटे चित्र उघडे पडले की नाकारणाऱ्याला शंभर खऱ्या चित्रांवर बोट ठेवता येते.

इस्रायल आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न निघाला तर?

निघेलच, आणि तो टाळल्यास मुलांचा आपल्यावरचा विश्वास जातो. इस्रायलच्या सरकारवर, त्याच्या लष्करी कारवायांवर टीका करणे हा ज्यूद्वेष नव्हे; कोणत्याही सरकारवर टीका करता येते. पण त्या सरकारच्या कृत्यांसाठी जगभरच्या ज्यूंना जबाबदार धरणे, जगाच्या कटाची जुनी कहाणी नव्या नावाने सांगणे, किंवा 'हिटलरचे काम अपुरे राहिले' असे म्हणणे हा ज्यूद्वेष आहे. होलोकॉस्टचा इतिहास शिकल्याने पॅलेस्टिनी मुलाचे दुःख लहान होत नाही, आणि पॅलेस्टिनी दुःखाचा हवाला देऊन होलोकॉस्टचे दुःख पुसताही येत नाही. आजच्या संघर्षासाठी वेगळा तास ठेवावा, दोन्ही बाजूंचे लेखन वाचावे.

ज्यूद्वेषाची हिंसा मुंबईनेही पाहिली आहे, याची आठवण येथे द्यावी. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याचे नरिमन हाउस ज्यू केंद्र आहे म्हणूनच निवडले गेले. तेथील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि आणखी चार जण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला त्याला सांभाळणाऱ्या भारतीय बाईंनी उचलून बाहेर काढले.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी हा होलोकॉस्टचाच भाग होता का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. बहुतेक सर्व कॅथलिक होते. त्यांना नाझींनी नव्हे, तर सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते, आणि तेथून इराणमार्गे ते भारतात आले. कोल्हापूरने दिलेला आसरा अभिमानाने सांगावा, पण त्याच्या खऱ्या नावाने.

नाझींपासून पळालेले ज्यू मुंबईत आले ते वेगळे. प्रागहून १९३४ साली आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन आकाशवाणीत होते आणि आकाशवाणीची सुरुवातीची धून त्यांच्या नावावर सांगितली जाते. बर्लिनहून रुडॉल्फ फॉन लायडन आले, व्हिएन्नाहून इमॅन्युएल श्लेझिंगर आले, आणि ज्यू पत्नीसह चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आले. आरा, रझा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना या तिघांनी हात दिला. सर्वांना अशी जागा मिळाली नाही. युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी जर्मन पारपत्र असलेल्यांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून स्थानबद्ध केले, त्यात हिटलरच्याच भीतीने पळालेले ज्यूही सापडले. काहींना पुरंदरावर ठेवले होते. दरवर्षी पुरंदरला सहल नेणाऱ्या शाळांनी एवढे वाक्य सहलीच्या माहितीपत्रकात घालायला हरकत नाही.

जवळपास प्रत्यक्ष काय दाखवता येईल?

स्मृतीसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली २७ जानेवारी हा दिवस ठरवला. १९४५ साली त्या दिवशी ऑशविट्झ मुक्त झाले. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी तो येतो, त्यामुळे शाळेच्या धामधुमीत राहून जातो. त्या आठवड्यात वर्ग बाहेर न्यायचा असल्यास मुंबईत मशीद बंदरजवळचे १७९६ साली स्थापन झालेले शार हरहमीम सिनेगॉग आहे, पुण्यात कॅम्पातले 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग आहे, आणि अलिबागला इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे. आधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी, शनिवार टाळावा, मुलांच्या डोक्यावर रुमाल किंवा टोपी असावी. ही जिवंत प्रार्थनास्थळे आहेत, होलोकॉस्टची स्मारके नाहीत, हे निघण्यापूर्वी सांगावे.

अलिबागजवळच्या नवगावला ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना तेथे पुरले अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. आसपासच्या गावांची नावे आणि वर्गात वाचलेली आडनावे यांची जोडी मुले तेथे स्वतःच लावू लागतात. त्या वेळी शिक्षकाने फार बोलू नये.